खुब्याच्या बाहेरील दुखणे : ओळख, उपचार आणि शेतकामातील दक्षता

खरिपाची खुरपणी जोरात चालू झाली की आपल्या खेड्यांतून एक तक्रार हटकून ऐकू येते. "खुबा धरला आहे", "मांडीच्या बाहेरून कळ निघते", "रात्री या कुशीवर निजवत नाही" असे चाळिशी उलटलेल्या स्त्रिया विशेषेकरून सांगतात. घरातील वडीलधारी माणसे याला "वात" म्हणून सोडून देतात. कोणी बिब्बा लावतो, कोणी डाग देतो, कोणी बाजारातून नाव-गाव नसलेल्या पुड्या आणतो. दुखणारी बाई मात्र लंगडत लंगडत कामावर जात राहते. कारण खुरपणीचा एक दिवस बुडाला तर एक दिवसाची मजुरी बुडते आणि पिकात तण माजते ते निराळेच.

या दुखण्याने सहसा जीव जात नाही; परंतु महिनोन्‌महिने झोप आणि काम यांचा नाश मात्र होतो. वास्तविक त्याचे कारण समजून घेतले आणि साधे नियम पाळले, तर बहुसंख्य माणसे शस्त्रक्रियेवाचून बरी होतात. यास्तव ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांना आणि शेतकरी बंधुभगिनींना या दुखण्याची शास्त्रीय माहिती असणे अगत्याचे आहे.

खुब्याची रचना

मांडीच्या हाडाचा वरचा गोल गोळा कमरेच्या हाडातील वाटीसारख्या खोलगट जागेत बसतो. हा झाला खुब्याचा सांधा. तो जांघेच्या पाठीमागे खोलवर असतो. पुष्कळ लोक कमरेच्या बाजूला हाताला लागणाऱ्या हाडालाच खुब्याचा सांधा समजतात, ते बरोबर नाही. बाजूला हाताला लागतो तो मांडीच्या हाडाचा उंचवटा होय. नितंबातील मजबूत स्नायू दोरखंडासारख्या कंडरांच्या योगे या उंचवट्याला येऊन मिळतात. त्यांच्यावरून कमरेपासून गुडघ्यापर्यंत एक रुंद, चिवट पट्टा खाली उतरतो.

हाड, कंडरा आणि पट्टा ही एकमेकांवर घासू नयेत म्हणून निसर्गाने त्यांच्यामध्ये लहान लहान पिशव्या ठेवल्या आहेत. प्रत्येक पिशवी पातळ आवरणाची असून तिच्यात अगदी थोडा बुळबुळीत द्रव असतो. तिला श्लेषपुटी म्हणतात. डॉक्टरांच्या बोलण्यात "बर्सा" हा शब्द येतो. बैलगाडीच्या कण्याला जसे वंगण, किंवा जुवाखाली जशी मऊ गादी, तसेच हिचे काम समजावे. मनुष्याच्या शरीरात अशा सुमारे दीडशे पुटी आहेत. त्यांपैकी खुब्याजवळच्या तीन महत्त्वाच्या होत. पहिली बाहेरील उंचवट्यावर, दुसरी पुढे जांघेत आणि तिसरी खाली, बसताना ज्या हाडावर आपला भार येतो त्याच्यावर असते. पुटीला दाह होऊन ती सुजली व दुखू लागली, म्हणजे त्या विकाराला "बर्सायटिस" असे म्हणतात. तिसऱ्या प्रकारचे दुखणे कठीण आसनावर दिवसभर बसणाऱ्या विणकरांमध्ये पूर्वीपासून ओळखले जात असे. आज खडबडीत रानातून तासन्‌तास ट्रॅक्टर चालविणाऱ्यांनाही ते जडू शकते. तथापि सर्वांत अधिक आढळणारे दुखणे बाहेरील उंचवट्याचे होय आणि या लेखात मुख्यतः त्याचाच विचार केला आहे.

दुखणे कसे उद्‌भवते

आपण चालतो तेव्हा प्रत्येक पावलागणिक क्षणभर सर्व शरीर एका पायावर तोललेले असते. त्या क्षणी कमरेचे हाड तराजूच्या दांडीसारखे वागते. खुब्याचा सांधा हा तिचा टेकू. एका बाजूला शरीराचे वजन लांबवर लोंबत असते आणि दुसऱ्या बाजूला नितंबाचे स्नायू अगदी जवळून दांडी ओढून धरतात. टेकूच्या जवळून ओढावयाचे म्हणजे जोर अधिक लावावा लागतो, हे पहार वापरणाऱ्या कोणासही ठाऊक आहे. या कारणाने चालताना खुब्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच ते तीन पट भार येतो. पन्नास किलो वजनाच्या बाईच्या खुब्यावर साध्या चालण्यात सव्वाशे ते दीडशे किलोचा भार येतो, असा याचा अर्थ.

स्नायू बळकट असतील तर कमर सरळ राहते. ते दुर्बल झाले, थकले किंवा त्यांच्यावर एकाएकी जादा काम पडले, म्हणजे कमर एका बाजूला झुकते, गुडघा आतील बाजूस वळतो आणि बाहेरचा चिवट पट्टा हाडाच्या उंचवट्यावर ताणला जातो. त्या ताणाखाली कंडरा आणि श्लेषपुटी दोन्ही चेंगरतात. हे दिवसातून हजारो वेळा घडले की कंडरा झिजू लागते आणि पुटीला सूज येते.

या बाबतीत वैद्यकशास्त्राची समजूत अलीकडे पुष्कळ बदलली आहे. खुब्याच्या बाहेर दुखले म्हणजे पुटीच सुजली, असे पूर्वी मानले जाई. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा ८७७ रुग्णांच्या सोनोग्राफीचे निष्कर्ष पाहण्यात आले. त्यांत पुटीची सूज केवळ १७७ जणांत, म्हणजे शेकडा सुमारे २० जणांत आढळली. नितंबाच्या कंडरेची झीज मात्र जवळजवळ निम्म्या रुग्णांत होती. म्हणजे बहुतेक वेळा मूळ दोष कंडरेत असतो आणि पुटीची सूज असलीच तर ती त्याच्या जोडीने येते. ही गोष्ट उपचाराच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. केवळ सूज उतरविण्याचे औषध घेऊन भागत नाही. स्नायू व कंडरा पुन्हा सशक्त करावी लागते.

हे दुखणे चाळीस ते साठ या वयात आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत बरेच अधिक आढळते. शरीराचे वजन वाढलेले असणे, जुनी कंबरदुखी, गुडघ्याचा संधिवात, एक पाय आखूड असणे, बाहेरील हाडावर पडून मार लागणे ही त्याला साहाय्यभूत होणारी कारणे होत.

शेतकामातील कारणे

आपल्या शेतकामाच्या पद्धतींकडे या दृष्टीने पाहिले असता पुढील गोष्टी ध्यानात येतात.

(१) हंगामाचा एकदम पडणारा भार. उन्हाळ्यात काम बेताचे असते. पाऊस पडताच लावणी, खुरपणी, फवारणी असे दिवसभराचे काम एकदम अंगावर येते. कंडरेला हळूहळू वाढणारे काम सोसते, एकदम वाढलेले सोसत नाही. नव्या गोऱ्ह्याला आपण पहिल्याच दिवशी नांगराला जुंपीत नाही; स्वतःच्या शरीराला मात्र तो न्याय लावीत नाही.

(२) एकाच बाजूला ओझे. पाण्याची बादली, खताची पाटी, दुधाची किटली नेहमी एकाच हातात नेण्याची सवय पुष्कळांना असते. उजव्या हातात बादली असेल तर डाव्या पायावर उभे राहताना डाव्या खुब्याच्या स्नायूंना अधिक जोर लावावा लागतो. म्हणजे ओझे एका बाजूला आणि शिक्षा दुसऱ्या बाजूला, असा हा प्रकार आहे.

(३) एका कुल्ल्यावर रेलून बसणे. निवडण-टिपण करताना, शेंगा फोडताना किंवा भाजीच्या जुड्या बांधताना दोन्ही पाय एका बाजूला घेऊन बसण्याची पद्धत स्त्रियांमध्ये आढळते. यामुळे एकाच बाजूच्या हाडावर भार येतो आणि पट्टा ताणला जातो.

(४) एका पायावर कलून उभे राहणे. बांधावर किंवा दुकानाशी बोलत उभे असता एका पायावर भार देऊन कमर बाहेर काढण्याची सवय पुष्कळांना असते. मूल कडेवर घेणाऱ्या स्त्रिया तर नेहमीच अशा उभ्या राहतात.

(५) कठीण जमिनीवर एकाच कुशीवर झोपणे. पातळ वाकळेवर कुशीवर निजल्याने खालच्या खुब्याची पुटी हाड व जमीन यांच्यामध्ये दबते. वरचा पाय पुढे पडल्याने वरच्या खुब्यावरही ताण येतो.

(६) चढउतार. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीवर चढणारे ऊसतोड मजूर, डोंगरउतारावर भारे वाहणारे शेतकरी यांच्या खुब्यावर सपाटीवरील चालण्यापेक्षा कितीतरी अधिक ताण पडतो.

लक्षणे

दुखणे खुब्याच्या बाहेरील बाजूला असते. तेथून ते मांडीच्या बाहेरून खाली गुडघ्याच्या जवळपास उतरू शकते. बाहेरील उंचवट्यावर बोटाने दाबले असता रुग्ण "हेच ते" असे चटकन सांगतो. त्या कुशीवर झोपवत नाही आणि रात्री वारंवार जाग येते. बराच वेळ बसून उठताना पहिली काही पावले दुखतात. जिना, बांध किंवा गाडीवर चढताना कळ येते.

एक सोपी परीक्षा घरीही करता येते. भिंतीला एक बोट टेकवून दुखऱ्या पायावर एकट्याने उभे राहावे आणि तीस अंक सावकाश मोजावेत. तेवढ्या वेळात बाहेरील बाजूची नेहमीची कळ उठली, तर हे दुखणे असण्याचा संभव बराच वाढतो. ज्यांचा तोल जातो अशा वृद्धांनी ही परीक्षा करू नये.

बहुधा डॉक्टर हातांनी तपासूनच निदान करतात. क्ष-किरण चित्र काढतात ते मुख्यतः सांध्याचा किंवा हाडाचा दुसरा विकार नाही ना, हे पाहण्यासाठी.

दुसरी दुखणी कशी ओळखावीत

खुब्याच्या आसपास दुखते ते सारे एकाच कारणाने, असे समजू नये. कार्यकर्त्यांनी पुढील भेद विशेष लक्षात ठेवावेत.

खुब्याच्या सांध्याची झीज : दुखणे मुख्यतः जांघेत असते. सांधा आखडतो. मांडी घालून बसणे, पायात वहाण चढविणे, पायाची नखे काढणे ही कामे अवघड होतात. बाहेरील दुखण्यात वहाण घालणे सहसा जमते.

सायटिका, म्हणजे गृध्रसी : कळ कमरेतून निघून गुडघ्याच्या खाली पोटरीत व पावलापर्यंत जाते. मुंग्या येतात, बधिरपणा वाटतो. पायातील शक्ती गेली किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटला, तर तासाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

गोळ्याचा रक्तपुरवठा तुटणे : तरुण माणसाच्या जांघेत सतत दुखू लागले तर ही शंका घ्यावी. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे, अतिमद्यपान करणारे आणि सिकलसेल या रक्तविकाराचे रुग्ण यांना त्याचा धोका असतो. गडचिरोली, नंदुरबार अशा जिल्ह्यांतील आदिवासी समाजांत सिकलसेलचे प्रमाण अधिक असल्याने तेथील कार्यकर्त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

क्षयरोग : क्षयाचे जंतू केवळ फुप्फुसातच घर करतात असे नाही; ते खुब्याच्या सांध्यात किंवा बाहेरील पुटीतही शिरू शकतात. आठवडेच्या आठवडे वाढत जाणारी सूज, संध्याकाळचा ताप, वजन घटणे ही त्याची चिन्हे होत.

मोडलेले हाड : वृद्ध माणूस पडला, त्याला उठून उभे राहता येत नाही, पाय आखूड व बाहेर वळलेला दिसतो, तर खुब्याचे हाड मोडले असे समजावे. चोळू नये, ओढू नये, चालवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

यांशिवाय तापाबरोबर जागा लाल व गरम होणे, विश्रांतीतही वेदना वाढत जाणे, पूर्वी कर्करोग झालेल्या माणसाला हाडात नव्याने दुखू लागणे, अशा वेळी घरगुती उपचार करीत बसू नये. लहान मूल लंगडू लागले तर ते दुखणे या लेखातील नव्हे, हे निश्चित समजावे आणि मुलास ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे.

पहिल्या काही आठवड्यांतील उपचार

बैलाचा खांदा सुजला म्हणजे जाणता शेतकरी काय करतो? काही दिवस जू उतरवितो, जुवाचा घासणारा भाग सुधारतो, मग हलक्या कामापासून पुन्हा सुरुवात करतो. खुब्याच्या दुखण्याचा उपचारही याच तीन पायऱ्यांचा आहे. चेंगरणे थांबवावे, सवय सुधारावी आणि मग हळूहळू बळ वाढवावे.

पूर्ण अंथरूण धरणे हितकारक नाही. त्याने स्नायू अधिकच दुर्बल होतात. ज्या हालचालीने कळ येते तेवढीच कमी करावी. सपाटीवर बेताचे चालणे चालू ठेवावे. चढउतार आणि ओझी काही आठवडे टाळावीत.

झोपताना पाठीवर निजून गुडघ्यांखाली उशी घ्यावी. कुशीवरच झोप लागत असेल तर चांगल्या बाजूवर निजावे आणि दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये जाड उशी किंवा गुंडाळलेली घोंगडी ठेवावी, म्हणजे वरचा पाय पुढे घसरत नाही. अंथरूण थोडे जाड करावे. या एका उपायानेच पुष्कळांची रात्रीची वेदना कमी होते.

बसताना पायावर पाय टाकू नये, एका कुल्ल्यावर रेलू नये. मांडी घातल्याने दुखत असेल तर काही आठवडे उंच पाटावर किंवा खुर्चीवर बसावे. उभे असताना दोन्ही पायांवर सारखा भार द्यावा.

काठी घ्यावयाची असल्यास ती चांगल्या बाजूच्या हातात धरावी. दुखऱ्या बाजूच्या हातात काठी धरण्याची चूक सर्रास होते. दुखरा पाय उजवा असेल तर काठी डाव्या हातात धरावी व ती उजव्या पायाबरोबरच पुढे टाकावी. वर सांगितलेल्या तराजूच्या दांडीला दुसऱ्या टोकाकडून आधार मिळाल्याने स्नायूंचे काम हलके होते.

ओझे दोन्ही हातांत सारखे वाटून न्यावे. एकाच हातात नेणे भाग पडले तर ते दुखऱ्या बाजूच्या हातात घ्यावे, म्हणजे दुखऱ्या खुब्याला कमी जोर लावावा लागतो.

वेदना तीव्र असल्यास बर्फ फडक्यात गुंडाळून दहा ते पंधरा मिनिटे, दिवसातून दोन-तीन वेळा लावावा. बर्फ उघड्या कातडीवर ठेवू नये. बर्फ मिळत नसेल तर माठाच्या गार पाण्यात भिजविलेली घडी चालेल. काहींना कोमट शेकाने अधिक बरे वाटते. त्यांनी तो घेण्यास हरकत नाही, मात्र कातडी भाजणार नाही याची काळजी घ्यावी.

औषधांपैकी पॅरासिटामॉल हे डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात घेता येते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि थोडे दिवसच घ्याव्यात. पोटातील व्रण, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार, उच्च रक्तदाब असणाऱ्यांना आणि गर्भवती स्त्रियांना त्या घातक ठरू शकतात. भर उन्हात घाम गाळून, पुरेसे पाणी न पिता, केवळ काम रेटता यावे म्हणून रोज अशी गोळी घेणे म्हणजे मूत्रपिंडाला धोका ओढवून घेणे होय.

बळ वाढविणारे व्यायाम

या उपचाराचा खरा गाभा व्यायाम हा आहे. ते नेटाने व सावकाश करावे लागतात.

(१) पाठीवर निजावे. गुडघ्यांखाली उशी घ्यावी. गुडघ्यांच्या थोडे वर दोन्ही मांड्यांभोवती उपरणे किंवा ओढणी बांधावी. मांड्या हळुवारपणे बाहेरच्या बाजूस दाबाव्यात. उपरण्यामुळे त्या हलणार नाहीत, परंतु स्नायू ताणले जातील. दहा अंक मोजेपर्यंत धरून सोडावे. असे पाच ते दहा वेळा करावे.

(२) पाठीवर निजून गुडघे वाकवावेत, तळवे जमिनीवर टेकवावेत. कमर व नितंब सावकाश वर उचलावेत, क्षणभर थांबून सावकाश खाली आणावेत. दहा वेळा.

(३) गुडघ्याच्या उंचीच्या ओट्यावर किंवा खाटेच्या कडेला बसावे. दोन्ही पायांवर सारखा भार देऊन हातांच्या आधारावाचून सावकाश उठावे, सावकाश बसावे. गुडघे आत वळू देऊ नयेत. दहा वेळा.

(४) भिंतीकडे तोंड करून, हात भिंतीला लावून, गुडघे किंचित वाकवून एका बाजूला दहा लहान पावले टाकावीत व तशीच परत यावीत.

पहिले दोन व्यायाम पहिल्या आठवड्यापासून रोज करावेत. वेदना आटोक्यात येताच तिसरा व चौथा जोडावा. व्यायाम करताना थोडे दुखले तरी भ्यावयाचे कारण नाही. त्या रात्री किंवा दुसऱ्या सकाळी दुखणे वाढले, तर मात्र व्यायाम जास्त झाला असे समजून संख्या कमी करावी. दुखरा पाय दुसऱ्या पायावरून पलीकडे ओढून बाहेरची बाजू ताणण्याचा व्यायाम काही ठिकाणी सांगतात. त्याने पुटी व कंडरा अधिकच चेंगरतात, म्हणून तो करू नये. एक-दोन आठवड्यांत गुण आला नाही म्हणून व्यायाम सोडू नयेत. आठ ते बारा आठवडे चिकाटी धरणे अवश्य आहे.

इंजेक्शनचा उपयोग किती

पुष्कळ रुग्ण "एक सुई मारा आणि मोकळे करा" असा आग्रह धरतात. स्टेरॉइडचे इंजेक्शन योग्य जागी दिले असता वेदना लवकर उतरते, हे खरे आहे. पण तिचा टिकाऊपणा पाहावा लागतो. ऑस्ट्रेलियात २०४ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. रुग्णांचे तीन गट केले होते. एका गटाला बसण्या-उठण्याच्या सवयींचे शिक्षण व व्यायाम दिले, दुसऱ्याला एक इंजेक्शन दिले आणि तिसऱ्याला विशेष उपचार न देता वाट पाहण्यास सांगितले. आठ आठवड्यांनी पहिल्या गटात शेकडा सुमारे ७७, दुसऱ्यात ५९ आणि तिसऱ्यात २९ जणांना स्पष्ट गुण आला. वर्षाअखेर पहिल्या गटात हे प्रमाण सुमारे ७९ राहिले. इंजेक्शनच्या गटात ते ५८ आणि नुसती वाट पाहणाऱ्यांत ५२ होते. अर्थात वर्षभराने इंजेक्शन घेणारे आणि न घेणारे जवळजवळ एका रांगेत आले. शिक्षण व व्यायाम घेणारे मात्र पुढे राहिले.

यावरून इंजेक्शन सर्वस्वी त्याज्य ठरते असे नाही. वेदनेमुळे झोप व व्यायाम दोन्ही अशक्य झाले असतील तर डॉक्टर ते देऊ शकतात. मात्र मधुमेह असलेल्यांची रक्तशर्करा त्यानंतर काही दिवस वाढू शकते, हे त्यांनी आधी सांगावे. तेच इंजेक्शन पुनःपुन्हा घेत राहणे कंडरेला हितावह नाही. शस्त्रक्रियेची गरज फार थोड्यांना, कंडरा तुटलेली असल्यास किंवा दीर्घकाळ सर्व उपाय करूनही गुण न आल्यास, पडते.

टाळावयाचे उपाय

बिब्बा लावल्याने कातडीवर फोड येतात व जखम चिघळते. डाग दिल्याने कातडी जळते. खोलवरच्या पुटीवर त्याचा काहीही इष्ट परिणाम होत नाही. मधुमेही माणसाला अशी जखम फार महाग पडते. दुखऱ्या हाडावर जोराने रगडून मालिश केल्यास आधीच चेंगरलेली पुटी अधिक चेंगरते. हलक्या हाताने तेल लावण्यास हरकत नाही.

सर्वांत अधिक सावधगिरी बाळगावयाची ती "वाताच्या" म्हणून विकल्या जाणाऱ्या नाव-गाव नसलेल्या पुड्या व गोळ्यांविषयी. अशा औषधांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. दोन दिवसांत जादूसारखा आराम पडतो; पण चेहरा सुजणे, साखर व रक्तदाब वाढणे, हाडे ठिसूळ होणे असे दुष्परिणाम मागाहून होतात. क्वचित खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठाच तुटतो, म्हणजे औषधाने मूळ दुखण्याहून मोठे दुखणे पदरी पडते. ज्यांनी अशा गोळ्या दीर्घकाळ घेतल्या असतील त्यांनी त्या एकदम बंद न करता डॉक्टरांना खरे काय ते सांगावे.

जनावरांतील असाच विकार

हा विकार मनुष्यापुरता नाही. कठीण फरशीच्या गोठ्यात बांधलेल्या गाईम्हशींच्या पुढच्या गुडघ्यांवर पाणी भरलेल्या गाठी येतात. उठता-बसता सतत आपटल्याने तेथील श्लेषपुटी सुजते. पुरेसे गवत किंवा रबरी चटई अंथरणे हा त्यावरील मुख्य उपाय. अशी गाठ घरी फोडू नये. संसर्गजन्य गर्भपात, म्हणजे ब्रुसेलोसिस, झालेल्या जनावरांतही गुडघ्यावर अशी गाठ येते आणि तिच्यातील द्रवातून तो रोग माणसाला जडू शकतो. म्हणून पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांस दाखविणे हेच श्रेयस्कर.

कार्यकर्त्यांचे कर्तव्य

दुखणे झाल्यावर उपचार करण्यापेक्षा ते होऊ न देणे अधिक सोपे व स्वस्त आहे. हंगाम सुरू होण्यापूर्वी तीन-चार आठवडे वर दिलेले व्यायाम गावातील बचत गटांच्या बैठकीत करून दाखवावेत. खुरपणीसाठी जेथे पिकाच्या ओळी सरळ आहेत तेथे लांब दांड्याचे खुरपे किंवा सायकल कोळपे वापरण्यास उत्तेजन द्यावे, म्हणजे दिवसभर एका अंगावर बसावे लागत नाही. बसून करावयाच्या कामात अर्ध्या तासाने उठून चार पावले चालण्याची सवय लावावी. ट्रॅक्टरच्या आसनावर चांगली गादी असावी.

स्त्रिया आपले दुखणे सहसा बोलून दाखवीत नाहीत. खुब्याजवळचे दुखणे तर संकोचामुळे मुळीच सांगत नाहीत. आशा कार्यकर्त्यांनी घरभेटीत "रात्री कोणत्या कुशीवर निजता?" एवढा एकच प्रश्न सहज विचारला, तरी पुष्कळ गोष्टी उघड होतील. दुखणे सहा आठवडे घरगुती काळजीने हटले नाही किंवा वर सांगितलेल्यांपैकी धोक्याचे एकही चिन्ह दिसले, तर रुग्णाला प्राथमिक आरोग्य केंद्रात व तेथून आवश्यकतेप्रमाणे मोठ्या रुग्णालयात पाठवावे.

शेतकरी पुरुषांनीही एक गोष्ट ध्यानी घ्यावी. घरातील बाई लंगडत शेतात येते तेव्हा ती कामचुकारपणा करीत नसते. उलट दुखणे अंगावर काढून घराची मजुरी वाचवीत असते. बैलाचा खांदा सुजलेला दिसताच आपण त्याचे जू उतरवितो. तेवढीच तत्परता घरच्या माणसाच्या बाबतीत दाखविली, पाण्याच्या दोन घागरी दुसऱ्या कोणी आणल्या आणि रात्री गुडघ्यांमध्ये ठेवण्यास एक उशी अधिक दिली, तर पुष्कळसा उपचार घरच्या घरीच होऊन जाईल.